राउंडच्या वेळची खुर्ची

"मरणाला आपण भीत नाही. त्यानंच आपल्याला भ्यावं!" रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डात आल्या आल्या निवृत्त फौजदारांनी जाहीर केलं. एवढ्यात नर्सने सुई काढली आणि फौजदारांनी डोळे मिटून बायकोचा दंड घट्ट धरला.

इथल्या डॉक्टरबाईंची रीत सगळ्या वॉर्डाला पाठ होती. चांगली बातमी त्या दारातूनच सांगून पुढे जात. वाईट असली, की खुर्ची ओढून जवळ बसत आणि पेशंटचा हात हातात घेत. म्हणून केमोनंतरचा रिपोर्ट यायच्या दिवशी फौजदारीणबाईंनी खोलीतली एकुलती एक खुर्ची सकाळीच बाथरूममध्ये नेऊन कोंडली.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पलंगावर चढायची बुटकी पायरी पायाने पुढे ओढली आणि तिच्यावरच बसल्या. फौजदारांनी दोन्ही हात पांघरुणाखाली लपवले. बायकोच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, आडपडदा नको," फौजदार कसेबसे म्हणाले. "माझे किती दिवस उरलेत?"

"कसले दिवस? रिपोर्ट उत्तम आहे. कॅन्सरच्या पेशी कुठे दिसत नाहीत. पुढचे डोस मात्र चुकवायचे नाहीत."

"अहो, मग बसलात कशाला?" फौजदारीणबाई रडत रडतच ओरडल्या.

"गुडघे बोलतायत माझे! हल्ली अख्ख्या वॉर्डात एका खोलीत खुर्ची सापडेल तर शपथ."



मग बाथरूमच्या दाराकडे बघत त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमची तेवढी बाहेर काढता का?"