गाठीवरचं बोट

या, असे पुढं सरका. बुवांच्या कीर्तनाचा पूर्वरंग झालाय. त्यांना बुक्का लावून, हार घालून आख्यान उभं राहीतोवर थोडा अवकाश आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. देवादिकांची नव्हे, महाद्वार रोडवरच्या साडीच्या दुकानातली. चौऱ्याहत्तर सालच्या लग्नसराईतली.

त्या दुकानात मालक तात्यासोंनी एक रीत घातली होती. नवरीचा शालू ज्या विक्रेत्याच्या खांद्यावरून पसंत होईल, त्यानंच त्या लग्नाचा बस्ता बांधायचा. आणि सराईतला पहिला बस्ता जो बांधेल, त्यानं वर्षभर दाराजवळच्या गादीवर बसायचं. ती गादी आजवर अप्पांची, दुकानातल्या सर्वांत जुन्या विक्रेत्याची. खांद्यावर पदर टाकून, निऱ्या चिमटीत धरून अप्पा उभे राहिले की बायका घासाघीस विसरायच्या.

पण त्या वर्षी गोमटेश हा नवा विक्रेता आला होता. वडगावचा, सडपातळ, ओठावर नुकती कोरलेली मिशी.

"अप्पा, तुमी बसूनच ऱ्हावा," तो म्हणाला. "एकदा बसलासा की तुमास्नी उठवायला बैलजोडी जुंपाय लागती."

"आन अप्पांच्या खांद्यावर शालू टाकला," पलीकडून दुसऱ्या तरुण विक्रेत्यानं, आकारामनं जोड दिली, "तर नवरी म्हणंल, ह्यो माझ्या आज्जीचा दिसतोय!"

दोघं पोरं खिदळली. तात्यासोंनीही मान वळवून हसू लपवलं. अप्पा हसले. पोळलेल्या जिभेवर लोणचं लागावं, तसं ते हसू त्यांना लागलं.

तेवढ्यात कागलची मंडळी पायरी चढली. सराईतला पहिला बस्ता! नवरीची आई अक्काताई दारातूनच म्हणाली, "गोमटेश म्हंत्यात त्यो कुठला? त्याच्यापुढं बसूया." आणि अप्पांच्या गादीला वळसा घालून सगळ्या आत गेल्या.

अप्पांनी मांडी अधिकच घट्ट घातली. मांडीखाली एक शालू होता. सकाळी गठ्ठा फोडताना हाताला लागलेला, गर्द हिरवा, काठावर मोर. तसा दुसरा दुकानात नव्हता. स्वतःच दाखवायचा म्हणून त्यांनी तो हळूच खाली सरकवला होता.

गोमटेश एकेक साडी अंगावर घेत होता. जमिनीला हात न लावता खाली बसत होता, तसाच उठत होता. अप्पांची नजर साड्यांवर नव्हतीच. ती त्या गुडघ्यांवर होती.

नवरी सुरेखाला गर्द हिरवा हवा होता; ती नकाराची मान हलवत होती. हा पोपटी, तो शेवाळी, तिसरा नुसताच भडक. ढीग वाढला. गोमटेशच्या कपाळावर घाम आला. अप्पांना बरं वाटलं. खोटं कशाला बोलावं, कीर्तनात पुढं बसणारा माणूस तो, पण फार बरं वाटलं.

"न्हाय बाई मनासारखं," अक्काताई उठली. "दुसरं दुकान बघूया." सुरेखा रडवेली झाली.

खांबाला टेकून नवरीची आजी चिमणाबाई बसली होती. तिला कुणी काही दाखवलं नव्हतं, काही विचारलंही नव्हतं. ती अप्पांच्या धोतराखालून डोकावणारा मोर बघत होती.

"पावणं," ती हळूच म्हणाली, "अंडं उबवाय बसलायसा व्हय?"

अप्पांनी धोतराचा सोगा मोरावर ओढला.

"ज्याच्यावर जळतायसा त्याला दुसरं गिऱ्हाईक घावंल. रडतीया ती नात माझी हाय की वो."

अप्पांनी एक हात खांबाला लावला, एक जमिनीला. गुडघे कडाकड वाजले. शालू झटकून त्यांनी सवयीनं स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि निऱ्या चिमटीत धरल्या. दारापर्यंत गेलेल्या, सुरेखाबरोबरच्या पोरी वळल्या. त्यांनी अप्पांकडं बघितलं, तोंडाला पदर लावला आणि फिसकन हसल्या. शालूकडं कुणी बघितलंच नाही.

अप्पांनी चिमटीतल्या निऱ्या सोडल्या. मग शालू उतरवून त्यांनी गोमटेशच्या खांद्यावर टाकला.

"आई, ह्योच!" सुरेखा ओरडली.

"आगं बया! कुठं दडवून ठेवलावतास रं?" अक्काताईनं गोमटेशला विचारलं.

गोमटेशच्या खांद्याला शालूची ऊब लागत होती. अंगाची ऊब. त्यानं सावकाश अप्पांकडं बघितलं.

"माझ्याखाली होता," अप्पा म्हणाले. "म्हातारं माणूस, बाई. उठायला वेळ लागला."

आकाराम हसला. गोमटेश हसला नाही.

शालू, चोळखण, मानाची लुगडी सगळं घेऊन झालं. चिमणाबाईनं स्वतःसाठी एक अंजिरी लुगडं अप्पांकडूनच काढून घेतलं, भाव पाडून. बस्त्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला.

"गोमटेश, बांध रे," तात्यासो म्हणाले.

गोमटेशनं सुतळी आवळली. गाठीची पहिली अढी सटकली. पुन्हा आवळली, पुन्हा सटकली.

"अप्पा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "वाईच बोट धरा की."

अप्पांनी अढीवर बोट दाबलं. आत अजून धगधगत होतंच. एका शालूनं विझावं इतकं ते लहान नव्हतं. गोमटेशनं दोन्ही टोकं ओढली. सुतळी बोटाभोवती रुतली.

"काढा आता, अप्पा."

"काढतो," अप्पा म्हणाले. बोट मात्र क्षणभर तिथंच होतं.

ऐका, चिपळ्या वाजल्या. सावरून बसा. फक्त कधी कुणाला गाठ मारताना बघाल, तेव्हा तिच्यावर बोट धरणाऱ्या आमच्या अप्पांची आठवण असू द्या.