गाठीभोवतीचं मांस

एक्याण्णव साली सुताराच्या घशात गाठ निघाली आणि नवराबायको उपचारांसाठी शहरात त्याच्या थोरल्या बहिणीकडे येऊन राहिली. किरणांचा निम्मा शेक देऊन झाला तरी गाठ होती तेवढीच.

डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवलं. "गाठीपेक्षा तिच्याभोवतीचं मांस त्रास देतंय. ते घट्ट झालंय, रक्त नीट पोचत नाही. जिथे प्राणवायू कमी, तिथे किरणांचं फारसं चालत नाही. सिगारेट ओढली तर आहे तोही जातो. सिगारेट बंद आहे ना?"

"पहिल्या दिवसापासून," बायको म्हणाली.

दारातला मशीनवाला खाकरला. रोज सुताराच्या तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून तो टेबलाला आवळायचं काम त्याचं. "बाई, कालसुद्धा मुखवट्याला वास होता."

सुतार खाली बघत राहिला. मग हळूच बहिणीकडे. बायकोने ती नजर पकडली.

"वन्सं, तुम्ही देता?"

"देते. सकाळच्या चहाबरोबर एक. त्याची तळमळ मला बघवत नाही. तुझं काळीज दगडाचं, तुला बघवते."

"मला हे जिवंत हवेत."

"तू यायच्या आधी मीच जगवलाय त्याला. माझ्या घरात मला अक्कल शिकवू नकोस."

"मग तुमचं घर तुम्हाला लखलाभ. उठा हो. समोर भाड्याने खोली मिळते."

सुतार हलला नाही. "ताईला कशाला बोलतेस?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मीच मागितली."

"ठाऊक आहे. म्हणूनच उठा म्हणतेय."

तो उठला. संध्याकाळी बहिणीने दोघांचं सामान पोत्यात कोंबून दाराबाहेर ठेवलं.

गाठ विरघळली. सिगारेट सुटल्याने की नशिबाने, हे डॉक्टरीणबाईंनी कधी छातीठोक सांगितलं नाही. मशीनवाला बदली होऊन गेला. सुतार पुढे पुष्कळ वर्षं रंधा ओढत जगला आणि जगला तोवर बायकोला ऐकवत राहिला, की तू माझी बहीण तोडलीस. तो गेला तेव्हा बहीण आली नाही.

म्हातारपणी ती अंथरुणाला खिळली. करणारं कोणी नव्हतं, तेव्हा भावजयच जाऊन राहिली. वर्षभर तिने नणंदेचं हगणंमुतणं काढलं. दूध गरम हवं की कोमट, यापलीकडे त्या वर्षात दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.