सहा फुटांवरची ज्योत

बाळाच्या डोक्यावरचं स्नानसंस्काराचं पाणी वहिनीने पुसलं. आता धर्ममातेने वेदीजवळच्या पास्खाच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची छोटी मेणबत्ती पेटवायची होती. त्यासाठी चर्चमधले पंखे बंद केले होते.

धर्ममाता होती जॉसलीन, वहिनीची ऑफिसातली मैत्रीण. ओळख जेमतेम तीन वर्षांची. मी बाळाची सख्खी आत्या, आणि मला पहिल्या बाकावर, भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाशेजारी बसवलं होतं. पंख्यापासून मेणबत्तीचं अंतर साधारण सहा फूट. दोन नंबरचा वेगही पुरला असता.

ज्योत लागली. ‘फारच उकडतंय,’ असं पुटपुटत मी बटण दाबलं. छोटी ज्योत आडवी झाली, मग नुसता धूर उरला; मोठी मेणबत्ती मात्र तेवत राहिली. मला इतकं बरं वाटलं, की चेहरा दिसू नये म्हणून मी मान खाली घातली.

‘अगं आत्या, जरा ये ना इकडे,’ जॉसलीन मला म्हणाली. ‘याने माझं बोट धरून ठेवलंय, सोडतच नाही. तूच पेटव.’

मी गेले. मोठ्या मेणबत्तीवरून ज्योत घेतली आणि वारा लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा तळवा आडवा धरला. बाळ जॉसलीनचं बोट सोडून ज्योतीकडे बघू लागलं.

‘ख्रिस्ताचा प्रकाश स्वीकारा. हा विझू देऊ नका,’ फादर म्हणाले.

‘पंखा कोणी लावला?’ दादाने हळूच विचारलं.

‘मी,’ मी म्हणाले. ‘तूच बंद कर. माझे दोन्ही हात गुंतलेत.’