इंजनाचा दम

इंजनानं परत मान टाकली. घोटावड्याच्या भातगिरणीत पट्टा सैल पडला आणि साळ यंत्रातच अडकून बसली.

"नबी, ह्ये काय चाललंय?" पिराजी मालक म्हणाला. "सांजच्यापत्तुर नीट चालीव. न्हाईतर उद्या पुण्यास्नं दुसरा माणूस आणतो. तू आपला परत तुझ्या पौडाला जा."

नबीलालनं पाना उचलला. बोलणार काय? इंजन त्याच्या हाती, म्हणजे दोषही त्याच्याच माथी. त्याच्या बायकोनं, रोशनबीनं, नुकती कुठं हितं चूल मांडली होती, दारात दोडक्याचा वेल चढवला होता. आता परत बिऱ्हाड पाठीवर. गावात त्याच्यासाठी शब्द टाकणारं तरी कोण होतं? बाया साळ घेऊन यायच्या, इंजनाला हात जोडायच्या आणि तांदूळ डोक्यावर घेऊन चालू लागायच्या. तेल यानं घालायचं, धूर यानं खायचा, नमस्कार मात्र लोखंडाला. बरी रीत आहे.

त्यानं तेलाची नळी फुंकून बघितली. साफ होती. जाळी धुतली. तेल फडक्यातून गाळून घेतलं. इंजन सुरू व्हायचं झकास. एक-दोन पाट्या साळ भरडेपर्यंत गडी नुसता वाघ. मग हळूहळू धाप लागायची, चाक मंदावायचं आणि ठप्प. घटकाभर पडू दिलं की पुन्हा वाघ. असलं सोंग त्यानं जन्मात बघितलं नव्हतं.

दिवस कलला. इंजनाला परत धाप लागली. तेल संपलं की काय म्हणून नबीलालनं चालत्या इंजनावरच टाकीचं झाकण फिरवलं. टाकीनं सुस्स करून वारा आत ओढला, आणि चाकानं वेग धरला.

नबीलाल हातातल्या झाकणाकडे बघतच राहिला. झाकणाला एक बारीक भोक असतं. त्यातून वारा आत गेला, तरच तेल खाली उतरतं. ते भोक पार बुजलं होतं. वर कुंकू, थरावर थर, तेलानं थापून घट्ट बसलेलं.

"ह्यो कुणाचा उद्योग?" त्यानं विचारलं.

पाटीजवळ बसलेली कोंडाबाई उठली. मुसळ उचलून उचलून तिचा उजवा खांदा कायमचा उतरला होता.

"माझा," ती म्हणाली. "गिरणी आल्यापास्नं कांडण सुटलं. रातीला खांदा ठणकत न्हाई, झोप लागती. म्हून दर खेपंला बोट लावत हुते. सगळ्यात वर हाय, म्हटलं ह्येच कपाळ असंल."

नबीलालनं खिळ्यानं भोक मोकळं केलं आणि झाकण बसवलं. इंजन आता एका लयीत चाललं होतं. यंत्रातून पांढरा तांदूळ पडत होता. पिराजी मालकाचा जीव भांड्यात पडला, आणि त्याबरोबर तोंडही सुटलं.

"आगं बये, इंजन काय देव हाय व्हय? लोखंडाला कसलं कुकू लावतीस?"

कोंडाबाईनं पदर सावरला.

"लोखंडाला कोण लावतंय, मालक? लावायचं हुतं नबीभाऊला. त्यांच्यात चालत न्हाई, म्हून त्याच्या इंजनाला लावलं."