मेलेल्यांचे गहू

बेल वाजली तशी रुमियानानं टीव्हीचा आवाज बंद केला. समोरच्या घरातली त्सोंकामावशी असणार. शनिवार म्हटलं की ही बाई उकडलेल्या गव्हाची वाटी घेऊन दारात हजर. वर साखर, अक्रोडाचा चुरा. त्यांच्या प्लेव्हेन शहरात मेलेल्याच्या नावानं गहू वाटतात. त्याला नाही म्हणायचं नसतं, आभारही मानायचे नसतात. चमचाभर तोंडात टाकायचे, "देव त्यांना क्षमा करो" म्हणायचं, झालं. पण म्हणून काय दर शनिवारी?

बेल पुन्हा वाजली. रुमियानानं तणतणत दार उघडलं.

"आज कोण, मावशी?"

"आमच्या ह्यांचा मावसभाऊ गं, मेतोदी. फार भला माणूस."

"मागच्या शनिवारी आत्या, त्याच्या आधी तिचे दीर. तुमचं मेलेलं गणगोत काही संपत नाही बाई! आम्हा जिवंतांना कधीतरी सुटी द्या की!"

जिना उतरणारा वरच्या मजल्यावरचा किरिल खो खो हसला. मावशीही हसली. वाटी दोन्ही हातांनी धरून आपल्या घरात गेली आणि त्यानंतर आलीच नाही. रुमियानाला आधी हायसं वाटलं. मग शनिवार आला की चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. आपण नको ते बोललो, हे तिला कळत होतं. पण जाऊन तसं म्हणायला जीभ रेटेना.

पितरांचा शनिवार आला. त्या दिवशी घरोघर गहू शिजतात. रुमियानानं आईच्या नावानं शिजवले आणि वाटी घेऊन आधी मावशीकडेच गेली. बेलवरचं बोट उचलायच्या आत दार उघडलं. आत दाराला लागूनच खुर्ची होती. खुर्चीवर उशी, उशीवर अर्धवट विणलेला मोजा.

"इथे बसता तुम्ही?"

"इथून जिन्यातली माणसं ऐकू येतात गं."

मावशीनं गहू खाल्ले, रुमियानाच्या आईसाठी क्षमा मागितली.

"मावशी, त्या दिवशी मी तोंडाला येईल ते बोलले. तुमचेही गहू आणा. कुणाच्याही नावाचे आणा, मी खाते."

मावशी कानापर्यंत लाल झाली.

"कुणी नाहीच गं. माझी माणसं केव्हाच वाटून संपली. ती आत्या, तो दीर, मेतोदी, सगळी मीच रचलेली. मेलेल्याच्या नावानं आलं की लोक दार उघडतात. देवाघरी मार खाणार आहे मी! पण नुसतीच आले असते, तर म्हणाली असतीस, काय काम काढलंत?"

"असं कसं म्हणाले असते! शेजारी ना आपण? कधीही यायचं, मी नाही का येत..."

रुमियाना मध्येच थांबली. लाजेनं तिची मान खाली गेली. नऊ वर्षं समोरासमोर दारं. ह्या दाराची बेल तिनं आज पहिल्यांदा वाजवली होती, आणि तीही मेलेल्या आईसाठी.