चव बघायला बोलावलेला बाप

प्रमुखसाहेब, माझ्या बापाच्या हातात ग्लास तुम्ही दिलात. चर्चच्या दारात, तुम्ही जिचे प्रमुख त्या अख्ख्या वाडीसमोर सांगते.

माझ्या दहावीपासून बाबा दारूला शिवले नव्हते, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी गेल्या रविवारी माझ्या लग्नासाठी परवडणारी वाईन ठरवायला तुम्ही आमच्या ओट्यावर स्वस्तातल्या बाटल्या मांडल्यात.

"कोकम सरबतच देऊ," बाबा म्हणाले.

"इनास, हजार माणसांत सरबताचा ग्लास उंचावून टोस्ट करतोस? व्याही थुंकतील तोंडावर! वाईन मुलीच्या बापानेच चाखून निवडायची, ही आपली रीत. एका घोटाने मरत नाहीस."

पहिल्या बाटलीला बाबांनी तोंड वाकडं केलं. दुसरी आंबट म्हणाले. तिसरीचा घोट गिळून कुणाला न विचारता त्यांनी ग्लास काठोकाठ भरला. तुम्ही टाळी वाजवलीत. "ठरली!"

त्यानंतर बाबा थांबलेच नाहीत. आता ते चर्चमागे पडलेत, नवा कोट ओकारीने भरलाय. आत ऑर्गन सुरू झालाय.

मुलीला वेदीपर्यंत बापानेच न्यायचं, हीसुद्धा आपलीच रीत ना? मग सांगा, मी कुणाचा हात धरू?