चाळीस सेकंदांची नोंद

“पक्षी आहे की नाही याचाच पत्ता नाही, आणि बोटीचं भाडं मात्र तीन महिन्यांचं!” हिशेबनीस अर्जावर पेन्सिल आपटत म्हणाले. “बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.”

विद्यापीठाच्या संशोधन निधीची बैठक सकाळपासून चालू होती. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे नऊ अर्ज आणि निधी तिघांपुरता. टेबलापलीकडे उभी असलेली मुलगी सातवी होती. तिच्या बुटांना वाळलेला चिखल होता. निधी मिळाला नाही तर तिला संशोधन सोडून घरी जावं लागेल, असं तिच्या मार्गदर्शकांनी शिफारशीत स्पष्टच लिहिलं होतं.

सगळं अडलं होतं ते बाईंच्या शब्दावर. बाई म्हणजे समितीतल्या निवृत्त प्राध्यापक. बाकीचे दोघे, अध्यक्ष आणि हिशेबनीस, त्यांना जरा टरकूनच असत. मुलीला शोधायचा होता तो पक्षी प्रत्यक्ष ऐकलेलं माणूस त्या खोलीत एकच होतं. एकेचाळीस वर्षांत त्या पक्ष्याची कुठेही नोंद झाली नव्हती.

“मी पाणथळीत झाडाला रेकॉर्डर बांधून ठेवला होता,” मुलगी म्हणाली. “चाळीसच सेकंद मिळालेत. लावू?”

“लाव,” बाई म्हणाल्या.

आधी नुसतं पाणी वाजलं. मग शीळ आली. दोन आखूड, एक लांब आणि शेवटची वर चढत गेलेली, प्रश्न विचारल्यासारखी. मग काही सेकंद शांतता. मग पुन्हा तेच.

बाईंचा हात मांडीवरच्या पिशवीकडे गेला. आत त्यांची जुनी टिपणवही होती, आजच्यासाठी मुद्दाम शोधून आणलेली. त्यांनी ती बाहेर काढली नाही.

“पुन्हा लाव,” त्या म्हणाल्या. मुलीने पुन्हा लावली. बाईंनी तिसऱ्यांदाही लावायला सांगितली, तेव्हा हिशेबनिसांनी घड्याळ पाहिलं.

याच खोलीत, याच निधीसाठी कधीकाळी बाई उभ्या होत्या. शेजारी बगळ्या होता. लांबलचक पायांमुळे त्याला सगळे याच नावाने ओळखत. दोघांचा विषय एक, पाणथळ एक. एका काठावर बाईंची झोपडी, पलीकडच्या काठावर त्याची. निधी मात्र एकालाच मिळणार होता. तो बाईंना मिळाला आणि त्या दूरच्या संग्रहालयात अभ्यासाला गेल्या. जाताना म्हणाल्या, “पुढच्या वसंतात येते.”

वसंत येत गेले. आधी प्रबंध, मग नोकरी, मग आईचं आजारपण. पत्रं आटली. बाई परत आल्या तेव्हा बगळ्याचा ठावठिकाणा कोणालाच सांगता येईना. कोणी म्हणे परदेशी गेला, कोणी म्हणे लग्न केलं. त्याच्याशिवाय ती पाणथळ बघायची बाईंची छाती झाली नाही. पण पहाटे जाग आली की त्या अंथरुणातच क्षणभर कान देऊन पडून राहत. एकेचाळीस वर्षांत एकही पहाट त्याला अपवाद नव्हती.

“आसपास वस्ती आहे?” बाईंनी विचारलं.

“नाही. फक्त एक म्हातारा नावाडी आहे. त्याची बोट एवढीशी, की त्याचेच पाय तिच्यात मावत नाहीत. म्हणून तर मोठी बोट भाड्याने मागितली.”

“त्याला विचारलंस पक्ष्याबद्दल?” अध्यक्ष म्हणाले.

“विचारलं. म्हणाला, ‘रोज पहाटे असतो.’ आणि हसला. जास्त बोलत नाही तो.”

“साक्षीदार मिळाला तोही मुखदुर्बळ,” हिशेबनीस पुटपुटले.

मुलीने ओठ चावला. “एक गोष्ट लपवायची नाही मला. जुन्या वर्णनात तीन शिळा आहेत. इथे चार आहेत. का ते मला अजून कळलेलं नाही.”

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं.

“ते वर्णन माझंच आहे,” बाई म्हणाल्या. “सगळंच काही छापायला दिलं नव्हतं मी.”

“मग एका शब्दात सांगा, बाई. ओळखता हा आवाज?”

बाई म्हणजे शिंक आली तरी तारीख-वेळ टिपून ठेवणारं माणूस. खोटं त्यांना कधी जमलं नव्हतं, आणि आत्ता बोलण्याची त्यांना गरजही नव्हती.

“झोपेतून उठवलंत तरी ओळखीन,” त्या म्हणाल्या. “पण एक अट घाला. या एका पक्ष्यावर प्रबंध टांगून ठेवायचा नाही. पाणथळीतले सगळे पक्षी मोजायचे. हा दिसलाच नाही, तरी पदवी अडता कामा नये.”

“एवढी खात्री आहे, मग वर अट कशाला?” हिशेबनिसांनी विचारलं.

“पोरीचं आयुष्य वाट बघण्यात जायला नको.”

अध्यक्षांनी अर्जावर सही केली. मुलगी इतकी हरखली की आभार मानायचेच विसरली, आणि बैठक संपेपर्यंत बाहेर बाईंची वाट बघत थांबली.

“बाई, तुम्ही याल तिकडे? एकदा तरी?”

“गुडघे कुरकुरतात गं आता.” बाई चार पावलं पुढे गेल्या आणि वळल्या. “तिकडची पहिली गाडी कितीला असते?”

“पावणेसहाला.”

“उद्याही असते?”

मुलीने मान डोलावली. ती गेल्यावर बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. वही उघडून त्यांनी शेवटचं पान काढलं. अक्षर त्यांचंच होतं, पंचविशीतलं, घाईघाईचं:

‘पक्षी तीनच शिळा घालतो. चौथी ऐकू आली तर समजायचं, पलीकडच्या काठावरून बगळ्या विचारतोय: उठलीस? येतेस ना?’